एल्क हार्बरकरांनी हरण्याचा मान कैसा राखिला

आदौ नमन क्रीडा-करमणूक कचेरीस, जिच्या शिक्क्यावाचून त्या मुलुखी गवताचे पातेही वाकत नाही. कचेरीचा हुकूम सादर जाहला की, मैदान वापरणाऱ्या हरएक मंडळाने नमुना सात भरून द्यावा, आणि त्यात 'कार्यक्रम कसा झाला' हे थोडक्यात लिहावे, रकाना अपुरा पडल्यास पाठकोरी बाजू वापरावी. आज्ञा शिरसा मान्य करून लिहावयास घेतले, तो रकाना अपुरा पडला, मग पाठकोरी बाजू अपुरी पडली, मग ही पुरवणी जोडिली. जे घडले ते घडले तैसेच लिहिले आहे. जे घडले नाही ते फार थोडे लिहिले आहे. कचेरीने कृपा करून शेवटपर्यंत वाचावे, ऐसी विनंती. वाचणार नाही, हे ठाऊक आहे.

मौजे एल्क हार्बर, प्रांत मिनेसोटा, सुपीरियर सरोवराचे उत्तर तीर. एप्रिल मासाचा दुसरा शनिवार. ऋतू वसंत, ऐसे परिषदेच्या वेळापत्रकात छापिले होते, आणि त्याच वसंताने शुक्रवारी दिवसभर नऊ इंच बर्फ टाकून आपले आगमन जाहीर केले. नगरवासीयांनी खिडकीतून पाहून 'याहून वाईट असू शकलं असतं' इतकेच उद्गार काढिले. त्या मुलुखी प्रेतयात्रेतही याहून अधिक बोलण्याचा रिवाज नाही.

आता परिषद म्हणजे काय, तो मजकूर. उत्तर सरोवर परिषद नामे एक सलतनत आहे. चार राज्ये, नऊ महाविद्यालये, आणि त्यांची पुरुषांची लॅक्रॉस मंडळे तिच्या अंमलाखाली नांदतात. तख्तावर आयुक्त म्हणोन एक दातांचे वैद्य बसतात, ते आठवडाभर दाढा उपटितात आणि शनिवार-रविवारी राज्य हाकितात. लॅक्रॉस म्हणजे ऐसे की, लांब काठी, तिच्या टोकास जाळी, जाळीत रबरी चेंडू. तो चेंडू शत्रूच्या गोलात घालावा, आणि वाटेत जो येईल त्याची काठीने समजूत काढावी. एका बाजूस दहा गडी. खेळ त्या भूमीतला फार पुरातन, गोरे लोक येण्याच्या आधीचा. पुढे तो श्रीमंतांच्या पोरांनी हाती घेतला आणि त्यास शिरस्त्राण, नियमपुस्तक व गर्व, ऐसी तीन भूषणे जोडिली.

एल्क हार्बर महाविद्यालयात ज्यांस संघ म्हणतात ते निराळे. संघांस बस, वैद्य, धोबी, आणि बर्फ काढावयास यांत्रिक नांगर. लॅक्रॉसवाले हे संघ नव्हेत, मंडळ होत. आणि कचेरीच्या दप्तरी त्यांची नोंद विणकाम मंडळ व अळंबी-शोधक मंडळ यांच्या दरम्यान आहे. सबब नांगर मागितला असता जबाब आला की, नांगर संघांसाठी आहे, मंडळांनी उत्साह वापरावा.

या मंडळाचे कप्तान, अध्यक्ष, चिटणीस, वाहनचालक व रेषाकारखानीस राजश्री एस्किल हाल्वरसन. पाच पदे, असामी एक; कारण निवडणुकीच्या दिवशी बाकीचे सारे भूमिगत जाहले होते. चार वर्षांपूर्वी एस्किल महाविद्यालयात दाखल जाहले तेव्हा मंडळात सहा टाळकी आणि एक गोलाची चौकट, ऐसी दौलत होती. मग दर सप्टेंबरी ते भोजनगृहाच्या दारी काठी घेऊन उभे राहिले, आणि येणाऱ्याजाणाऱ्यास खेळणार का म्हणोन पुसते जाहले, आणि लोकांनी त्यांस मासे धरण्याचे सामान विकणारा समजून वळसा घातला, आणि तरीही चार वर्षांत त्यांनी सतरा गडी जमविले. सतरांपैकी नऊ जणांस नियम ठाऊक होते. हे त्यांचे शेवटचे वर्ष.

आणि याच वर्षी गंडांतर आले. मार्चमासी वसंताच्या सुट्टीत मंडळाचा गोलरक्षक फ्लोरिडा प्रांती समुद्रस्नानास गेला, तो व्हॅनच्या किल्ल्या खिशात घालूनच गेला. फौज वाहनतळावर उभी, व्हॅन समोर उभी, आणि मध्ये दोन हजार मैलांचे अंतर. सामना बुडाला, शत्रूस पुढे चाल मिळाली. परिषदेचे कलम अकरा ऐसे की, एका हंगामात ज्याने दोनदा पुढे चाल दिली त्याचे नाव परिषदेतून कमी. आणि कचेरीचा कायदा ऐसा की, परिषदेतून नाव कमी जाहले ते मंडळच बरखास्त. म्हणजे आजचा सामना न खेळला तर एस्किल यांची चार वर्षे मातीमोल होऊन विणकामवाल्यांचा शेजार अळंबीवाल्यांशी थेट जुळणार होता.

सामना जिंकावा, ऐसा विचार कोणाच्याही मनास शिवला नाही. गडी वेडे होते, परंतु इतके नव्हे. फक्त खेळावा, सबंध खेळावा, आणि रीतसर हरावे, इतकीच मसलत होती.

शत्रू कोण म्हणाल तर दक्षिणेकडील सेंट ऑडो विद्यापीठ. चौतीस गडी, सोनेरी शिरस्त्राणे, आणि आत शौचकूप असलेली बस. त्यांचे कप्तान राजमान्य कॉर्ट वेंडलिंग, मूळचे पूर्व किनाऱ्याचे, मेरीलँड प्रांतीचे, जेथे मूल पाळण्यात असतानाच त्याच्या हाती लॅक्रॉसची काठी देतात आणि मग त्याच्याशी बोलणे कठीण होऊन बसते. या कॉर्ट यांस त्याच संध्याकाळी सात वाजता नाचाच्या समारंभास हजर होणे होते. परतीचा रस्ता चार तासांचा. एक वाजता सामना, तीन-सव्वातीनला समाप्ती, मग सातास कैसे पोहोचणार, आणि आंघोळ कधी करणार? त्यांनी बहुत विचार करून ऐसे ठरविले की, एल्क हार्बरने पुढे चाल द्यावी हेच उभयपक्षी हिताचे. याकामी त्यांनी परिषदेचे नियमपुस्तक प्लास्टिकात मढवून सोबत आणिले होते. तलवारीहून ते धारदार होते; पान उलटताना त्यांचे बोट दोनदा कापले.

शनिवारी सकाळी सात वाजता एल्क हार्बरकरांनी बर्फावर चाल केली. सतरा गडी, अकरा फावडी, दोन धान्याची सुपडी, आणि भोजनगृहातून न पुसता आणिलेली चार ताटे. मैदान एकशे दहा यार्ड लांब, साठ यार्ड रुंद, आणि सारे पांढरे. कोठे काय आहे याचा ठाव लागेना. तेव्हा कप्तानांनी आज्ञा केली की, रस्त्याकडून दिव्याचे खांब मोजावे, चौथ्या खांबापाशी आपल्या मैदानाचा कोपरा आहे, तेथून खणावयास लागावे. खांब मोजिले, चौथा सापडला, आणि फौज तुटून पडली.

मग पाच तास ऐसे युद्ध जाहले की त्याचे वर्णन करावयास बोटांत जीव हवा, आणि तो कोणाच्या बोटांत उरला नव्हता. बर्फाचे तट उभे राहिले, त्यावर आणखी तट उभे राहिले, आणि मग पहिला तट चुकीच्या जागी आहे म्हणोन तो उचलून दुसरीकडे नेला. एका गड्याच्या मिशीस हिमकण लोंबू लागले. दुसऱ्यास मिशी नव्हती, त्याने त्याचाही हेवा केला. बारा वाजता जमीन दिसली. मग खासा एस्किल यांनी नारिंगी रंगाचा डबा घेऊन रेषा आखिल्या, दोन्ही टोकांस गोल बसविले, गोलांभोवती वर्तुळे काढिली, आणि कंबर धरून उभे राहिले. चौकोन ऐसा देखणा उतरला की वरून जाणाऱ्या गिधाडानेही दोन घिरट्या घातल्या.

इतक्यात पश्चिमेकडून तेरा असामी चालत येताना दिसल्या. हाती शस्त्र नाही, फक्त चकत्या. ते फ्रिसबी मंडळ होते. त्यांची म्होरकी ब्रिन ॲल्डस. लोकरीची लाल टोपी, आणि चेहऱ्यावर ऐसा सद्भाव की पाहणाऱ्यास अपराधी वाटावे. तिने साफ केलेले मैदान पाहिले आणि दोन्ही हात छातीशी नेले. पुढील बोलणे जैसे जाहले तैसे दिले आहे.

"अय्या! हे तुम्ही आमच्यासाठी केलंत?"

एस्किल यांनी मागे वळून पाहिले, कोणी तिसरा उभा आहे काय म्हणोन.

"तुमच्यासाठी?"

"हा आमचा पट्टा आहे ना! इथून त्या झुडपापर्यंत. आम्ही साडेबारा ते तीन घेतलाय, हा बघा कागद. आम्ही फावडी आणायचं ठरवत होतो, पण त्यावर अजून चर्चाच चालू होती. किती गोड आहात रे तुम्ही!"

कागदावर कचेरीचा शिक्का होता. मग खांब पुन्हा मोजिले, आणि घात उघड जाहला. जानेवारीत कचेरीच्याच नांगराने, तोच तो संघांसाठीचा, दिव्याचा एक खांब समूळ पाडिला होता, आणि ती जागा बर्फाने झाकली होती. सबब यांचा चौथा तो खरा पाचवा. अवघे मैदान तीस यार्ड पश्चिमेस सरकले होते. आणि त्या तीस यार्डांत एक सबंध गोल, त्याचे वर्तुळ, आणि एस्किल हाल्वरसन यांचे भवितव्य, ऐसे ऐवज फ्रिसबीवाल्यांच्या हद्दीत जाऊन पडले होते.

तेव्हा मंडळाचा उत्तम बचावगडी डाल्टन गुडस्काय, जातीचा ओजिब्वे, म्हणजे त्या भूमीच्या मूळ रहिवाशांपैकी, सहा फुटी काठीचा धनी, तो फावड्यावर रेलून बोलिला, "आमच्या खापरपणज्यांच्या खेळात रेषाच नव्हत्या. मैदान म्हणजे या गावापासून त्या गावापर्यंतचं सगळं. चुकायला जागाच नव्हती. मग तुम्ही आलात आणि मोजायला लागलात."

"डाल्टन, आत्ता नको रे."

"मी आपलं फक्त म्हणतोय."

दुसऱ्या बाजूस नव्याने तीस यार्ड खणावे, तर दीड तासाचे काम. बारा पन्नास जाहले होते. आणि त्याच मुहूर्तावर सेंट ऑडोची बस वाहनतळावर डेरेदाखल जाहली, आणि चौतीस सोनेरी शिरस्त्राणे एकामागून एक उतरली, जणू मक्याच्या कणसाचे दाणे.

सामन्याचे पंच मर्ल स्टानेक, पेशाने भट्ट्या दुरुस्त करणारे. त्यांनी मैदान पाहिले, कागद पाहिला, आणि निवाडा दिला की, एकशे दहा यार्ड पाहिजेत, ऐंशीत सामना होणे नाही. फ्रिसबीवाले राजीखुशीने जागा देतील तर खेळ सुरू करू. एक वाजता वेळ, वर अर्ध्या तासाची सवलत. दीड वाजता शिट्टी वाजली नसेल तर पुढे चाल. मग खाजगीत एस्किल यांस म्हणाले, "पोरा, मला तुझं वाईट करायचं नाहीये. पण नियम तो नियम. आणि पाच वाजता एका बाईंच्या घरी भट्टी बंद पडलीय, त्या कालपासून कोट घालून झोपतायत."

कॉर्ट यांनी नियमपुस्तक उघडून कलम अकरा मोठ्याने वाचिले. कोणी पुसिले नव्हते.

मग एस्किल यांनी तहाचा निर्णय केला. पाहुण्यांस सामन्यानंतर द्यावयाच्या म्हणोन त्यांच्या मातोश्रींनी लिंबाच्या वड्या करून पाठविल्या होत्या, एक सबंध थाळाभर. खाली खुसखुशीत थर, वर आंबटगोड लिंबाचा, त्यावर पिठीसाखर. तोच नजराणा घेऊन, डाल्टन यांस वकील म्हणोन सोबत घेऊन, कप्तान फ्रिसबीच्या गोटात गेले.

आता फ्रिसबीवाल्यांचा दंडक सांगणे प्राप्त आहे. त्यांच्या खेळात पंच नसतो. जो तंटा होईल तो खेळाडूंनीच बोलून मिटवावा, सर्वांचे समाधान होईतो बोलावे, आणि संमती असेल त्याने दोन्ही हात वर करून बोटे हलवावी. एकानेही बोटे न हलविली तर पुन्हा पहिल्यापासून. याच रीतीने त्यांनी गतवर्षी टोपीचा रंग ठरविण्यास घेतला होता. ते काम सुरू आहे.

एक वाजून चार मिनिटांनी सारे बर्फात वर्तुळ करून बसले. थाळा मध्ये ठेविला. ब्रिन हिने प्रथम सर्वांचे आभार मानिले, मग बर्फाचे मानिले, मग वड्यांचे मानिले. एस्किल यांनी अर्ज केला की, आम्हास दोन तास तुमचे तीस यार्ड द्यावे, पुढील महिनाभर तुमचे बर्फ आम्ही काढू. बारा जणांनी बोटे हलविली. तेराव्याने हलविली नाहीत. तो थॅड नामे असामी, दाढी आखूड, शंका लांब.

"माझा विरोध नाहीये," थॅड म्हणाला. "मला फक्त एवढंच वाटतं, की आज आपण जागा दिली, तर आपण स्वतःलाच काय सांगतोय?"

"की आपण जागा दिली," डाल्टन म्हणाला.

"हां, पण त्याच्या मागे काय आहे?"

"गोल आहे. त्याच्या मागे झुडूप आहे."

"डाल्टन," एस्किल दात आवळून म्हणाले, "वडी खा."

वड्या खाल्ल्या गेल्या. आणि येथे त्या मुलुखाचा सर्वांत कडक कायदा आड आला, जो कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नाही आणि म्हणोनच कोणी मोडीत नाही. तो ऐसा की, ताटातला शेवटला तुकडा घेणे म्हणजे आईबापांचे नाव बुडविणे. शेवटली वडी उरली की तिचा अर्धा घ्यावा, मग पुढच्याने उरल्याचा अर्धा घ्यावा, मग त्याच्या पुढच्याने त्याचा अर्धा; सबंध कोणी घ्यावयाचे नाही. आणि ताटात काही उरले असता बैठक मोडून उठणे हे त्याहूनही असभ्य, कारण मग यजमानास वाटते की पदार्थ आवडला नाही.

थॅड बोलत होता, वडी अर्धी होत होती. एक वाजून बारा मिनिटे: वडीचा पाव. सतरा मिनिटे: आण्याएवढी. विसावे मिनिट: बोटाच्या नखाएवढी, आणि प्लास्टिकची सुरी तिच्याभोवती ऐसी फिरत होती की मोत्याच्या कारखान्यात शोभावी.

"घ्या ना तुम्ही, शेवटची आहे."

"छे छे, मी खूप खाल्ल्या. तुम्ही घ्या."

"नको हो, मला खरंच नको. अर्धी करू या?"

थॅड यांची शंकाही आता मिटत आली होती, त्यांनी एक हात वर केलाही होता. परंतु थाळ्यात ते नख होते, आणि ते असेतो उठावे कैसे? पंच घड्याळ पाहात होते. एस्किल त्या नखाकडे पाहात होते. ते स्वतः यजमान. यजमानाने शेवटचा घास घेणे हे तर पाहुण्यास हाकलून देण्यासारखे. डाल्टन यांनी हळूच विचारिले, "मी खाऊ का? माझी काय इज्जत आहे?" एस्किल उत्तरले, "तुझी आजी माझ्या आईला ओळखते रे." डाल्टन यांनी हात मागे घेतला. तेही त्याच मुलुखीचे. शूरासही मर्यादा असते.

इकडे कॉर्ट यांनी दुरून पाहिले की बैठक रेंगाळते आहे, आणि मनी बहुत संतोष पावले. परंतु अधिक बळकटी असावी म्हणोन त्यांनी एक डाव योजिला. फ्रिसबीच्या रीतीप्रमाणे ज्यास शंका असेल तो वर्तुळात बसू शकतो, ऐसे त्यांनी ब्रिनकडून ऐकिले होते. तेव्हा आपणही बसावे, शंका काढाव्या, एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, आणि दीड वाजवावे. एक वाजून चोवीस मिनिटांनी ते आले आणि मांडी घालून बसले.

"मलाही जरा शंका आहेत," कॉर्ट म्हणाले. "तीन. नाही, चार."

"बोल ना," ब्रिन म्हणाली. "आम्ही ऐकतोय."

"पहिली शंका अशी, की या सगळ्यात फ्रिसबीवर अन्याय होतोय असं मला मनापासून वाटतं. आणि हे मी तटस्थपणे बोलतोय."

थॅड यांनी वर केलेला हात खाली घेतला. चार वर्षे, सतरा गडी, भोजनगृहाचे दार, सारे एस्किल यांच्या डोळ्यांपुढून गेले आणि बर्फात जाऊन बसले.

"दुसरी शंका," ऐसे म्हणोन कॉर्ट पुढे वाकले, आणि बोलता बोलता, विचार न करिता, जैसे कोणी कोटावरचा धागा झटकतो तैसे, त्यांनी थाळ्यातले ते नख उचलिले आणि तोंडात टाकिले. वर बोट चाटिले.

वर्तुळात श्वास थांबला. सरोवरावरचा वाराही क्षणभर पडला, ऐसे काहीजण सांगतात. वेधशाळेत दाखला नाही.

"काय?" कॉर्ट म्हणाले. "एवढंसं तर होतं."

ब्रिन ॲल्डस, जी जन्मात कोणावर रागावली नव्हती, तिचा चेहरा हळूहळू टोपीच्या रंगाचा जाहला.

"तू ते खाल्लंस," ती म्हणाली.

"हो. मग?"

"सगळं?"

"सगळं म्हणजे काय? तो चुरा होता, बाई!"

थॅड उठून उभे राहिले. थाळा रिता होता, सबब आता उठण्यास हरकत नव्हती. "माझी शंका फिटली," ते म्हणाले, आणि दोन्ही हात आकाशाकडे करून दहाही बोटे ऐसी हलविली की दुरून पाहणाऱ्यास वाटावे, मनुष्य बुडतो आहे. पाठोपाठ ब्रिन, पाठोपाठ सारे. मंडळाच्या इतिहासात पहिला सर्वानुमते ठराव तो हा: लॅक्रॉसवाल्यांस तीस यार्ड द्यावे, हवे तर चाळीस द्यावे, आणि या मनुष्यास आमच्या डोळ्यांदेखत हरवावे. ठरावाचा उत्तरार्ध अमलात येण्याजोगा नव्हता, परंतु भावना लेखी आली.

"अहो, पण माझ्या अजून दोन शंका आहेत!" कॉर्ट ओरडले.

"ताट संपलं," ब्रिन म्हणाली. "बैठक संपली."

एस्किल तेथून ऐसे धावले की शिरस्त्राण डोक्यावर उलटे बसले, आणि त्यांनी पंचांस खूण केली, आणि पंचांनी ब्रिनकडे पाहिले, आणि ब्रिनने बोटे हलविली, आणि पंचांस त्याचा अर्थ कळेना, तेव्हा डाल्टन ओरडले, "हो म्हणतायत ते, वाजवा!" आणि एक वाजून एकोणतीस मिनिटांनी मर्ल स्टानेक यांची शिट्टी वाजली. ती शिट्टी ऐकून एल्क हार्बरच्या गड्यांनी ऐसा जल्लोष केला, एकमेकांस मिठ्या मारिल्या, दोघे तर रडले, की सेंट ऑडोवाल्यांनी तोवर चेंडू उचलून पहिला गोल करूनही टाकिला.

मग जो संग्राम जाहला त्याचे वर्णन कचेरीने संक्षेपात मागितले आहे, आणि लज्जेस्तवही संक्षेपच बरा. पहिल्या चतुर्थांशात सेंट ऑडो आठ, एल्क हार्बर शून्य. गोलरक्षक, तोच तो फ्लोरिडाचा, याच्या डाव्या कानाजवळून इतके चेंडू गेले की त्या कानास सर्दी जाहली. दुसऱ्या चतुर्थांशात डाल्टन यांनी आपली सहा फुटी काठी घेऊन अवघे मैदान एकट्याने पार केले आणि गोल मारिला. मागाहून पुसिले तेव्हा म्हणाले, "कोणी अडवलंच नाही. मला वाटलं गावापर्यंत जावं लागेल."

फ्रिसबीचे तेराही जण बर्फाच्या तटावर बसून होते. त्यांस लॅक्रॉस कळत नव्हते. कोणीही कोणास पडल्यावर हात दिला की ते टाळ्या वाजवीत, मग तो शत्रू का असेना. परंतु कॉर्ट यांच्या जाळीत चेंडू आला की तटावरून एकमुखाने गर्जना उठे, "अर्धी ठेव! अर्धी ठेव!" कॉर्ट यांनी एकूण नऊ गोल मारिले, आणि नऊही वेळा मान वर न करिता परतले.

तिसऱ्या चतुर्थांशात एल्क हार्बरच्या तीन गड्यांस पेटके आले, सकाळच्या फावड्यांचे. त्यांनी बाहेर जावे तर बदलीचे सातही गडी आधीच गारठून निकामी जाहले होते. आणि मैदानात दहा गडी न उरले तर सामना बुडविल्याची नोंद होईल, ऐसे कॉर्ट यांनी पंचांस सुचविले. तेव्हा पेटके आलेले तिघे काठीचा आधार घेऊन मैदानातच उभे राहिले, जैसे शेतात बुजगावणे. त्यांपैकी एकाच्या अंगावर आपटून चेंडू वळला, एस्किल यांच्या जाळीत पडला, आणि एस्किल यांनी डोळे मिटून फेकिला. शत्रूचा गोलरक्षक त्यासमयी बसकडे पाहात होता. गोल.

हा एस्किल हाल्वरसन यांचा चार वर्षांतला तिसरा गोल. ते जागीच उभे राहिले. डाल्टन येऊन म्हणाले, "चल लेका, अजून एक चतुर्थांश हरायचा बाकी आहे."

"हो रे," एस्किल म्हणाले. "पंधरा मिनिटं. पूर्ण."

तीही पूर्ण जाहली. एक सेकंद कमी नाही. शेवटली शिट्टी वाजली तेव्हा गुण ऐसे: सेंट ऑडो एकवीस, एल्क हार्बर दोन. उभय फौजांनी रांग करून हात मिळविले. कॉर्ट यांनी एस्किल यांचा हात धरून विचारिले, "ती वडी... एवढं काय होतं त्यात?" एस्किल यांनी त्या मुलुखीच्या रीतीने जबाब दिला, "काही नाही, ठीक आहे." याहून कठोर शिक्षा तेथे नाही, परंतु मेरीलँडकरांस ती शिक्षा आहे हे कळले नाही. मग बस दक्षिणेस गेली. नाचास पोहोचले की नाही, आंघोळ घडली की नाही, याचा दाखला आमचे दप्तरी नाही.

मग एस्किल यांनी आयुक्तांस फोन लाविला. वैद्यराज शनिवार असूनही कोणाच्या तरी तोंडात हात घालून होते, ऐसे आवाजावरून वाटले.

"काय लागला निकाल?"

"हरलो सर! एकवीस-दोन! साठच्या साठ मिनिटं!"

"अरे अरे. वाईट झालं."

"नाही सर! अजिबात नाही! हरलो! रीतसर हरलो!"

मग हुकूम सादर जाहला तो येणेप्रमाणे: एल्क हार्बर मंडळाचा पराभव मंजूर केला असे, सामना खेळला गेल्याची नोंद घ्यावी, कलम अकरा लागू नाही, मंडळाचे नाव पुढील हंगामाच्या वेळापत्रकात कायम करावे, आणि कप्तानांनी थोडे पाणी पिऊन स्वस्थ बसावे.

हुकूम ऐकवताच बाकीच्या गड्यांनी कप्तानांस खांद्यावर घेतले. तिघांस पेटके असल्याने खांदे एका बाजूस कलले, आणि कप्तान तटाच्या बर्फात कमरेपर्यंत रुतले, आणि तेथूनच त्यांनी दोन्ही हात वर करून बोटे हलविली. फ्रिसबीवाल्यांनी त्यास संमती दिली.

येणेप्रमाणे एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी, तीन वाजून तेवीस मिनिटांनी, तीस यार्ड परमुलुखात, फावडी व ताटे हाती, एल्क हार्बरकरांनी सर केलेला पराभव येथे नमूद केला आहे. त्या दिवशी त्यांची फत्ते जाहली, यात संदेह नाही. गुणफलकावर काही निराळे दिसत असल्यास तो गुणफलकाचा दोष जाणावा.